प्रकरण चौदावं : दोन डबे, एक चादर

रविवारी दुपारी सव्वाचार वाजता बाबांनी चंदेरी डबा निवडला, धाकट्याने टाळ्या वाजवल्या, वकिलाने हार मानली आणि तीन महिने चाललेलं भांडण एकदाचं मिटलं.

तर, यातलं काहीही झालेलं नाही असं धरून चालू. हे जमायला फार अवघड नाही. या घराण्यात दोन पिढ्या तेच करत आल्या आहेत. आजोबांनी दुसरं लग्न केलं ते झालंच नाही असं घरात धरतात, आणि त्या न झालेल्या लग्नाच्या मुलीचं वर्षातून एकदा पत्र येतं, तेही सगळे मिळून वाचतात. त्यामानाने एक डबा म्हणजे काहीच नाही.

रविवारी दुपारी तीन वाजता, म्हणजे काहीच झालेलं नव्हतं तेव्हा, ताई बाबांच्या बैठकीच्या खोलीत कपडे वाळत घालायच्या घडीच्या स्टँडवर चादर टाकत होती.

"अजून थोडी वर ओढ," वकील म्हणाला. तो तिच्याहून तीन वर्षांनी लहान होता, पण वकील झाल्यापासून सगळ्यांहून मोठा झाला होता. "बाबांना डबे दिसता कामा नयेत. कलम दोन."

"चादर एवढीच आहे. तुझं कलम वर ओढू का?"

चादर ताईच्या खांद्यापर्यंत आली. तिच्यामागे ती उभी राहिली की वर नुसतं डोकं दिसायचं. धाकट्याने कोचावरून निरखून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, बाहुल्यांच्या खेळातल्या राणीसारखी दिसतेस."

"राणीचे गुडघे दुखतायत. आटपा लवकर."

समोरच्या भिंतीला बाबांची सिस्टिम होती. कमरेएवढे दोन स्पीकर, मधे बुटक्या टेबलावर वीस किलोचा ॲम्प्लिफायर, शेजारी रेकॉर्ड प्लेअर आणि सीडी प्लेअर. सीडी प्लेअरने आईच्या मागोमाग आठवड्याभरात डोळे मिटले होते. रेकॉर्ड प्लेअर धडधाकट होता, पण तबकडी उलटायला वाकलं की बाबांची कंबर धरायची; त्यामुळे तीन वर्षं या घरात सगळी गाणी अर्धीच वाजत होती. म्हणून स्ट्रीमर घ्यायचं ठरलं. स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवरून गाणं आणून ॲम्प्लिफायरच्या हवाली करणारा डबा. उठायला नको, वाकायला नको, खुर्चीत बसून फोनवरून हुकूम सोडायचा. गोष्ट इतकी सोपी असल्यामुळे तिच्यावरून दोन भावांनी तीन महिने एकमेकांशी अबोला धरला होता.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायच्या कंपनीत होता. त्याने चंदेरी डबा आणला होता: हलका, वायफायवर चालणारा, पुढे एक काच आणि त्या काचेवर गाण्याचं चित्र. वकिलाचा डबा काळा, जड, काच नाही, चित्र नाही, इंटरनेटची वायर थेट भिंतीतून घ्यावी लागणारा आणि पाच वर्षांच्या वॉरंटीचा.

"ज्याला ऐकायचंय त्याला बघायला कशाला काय हवं?" वकील म्हणायचा.

"आणि गाणं मधेच बंद पडलं की बाबांनी काय, तुझ्या वॉरंटीकडे बघत बसायचं?" धाकटा म्हणायचा.

दुकानदाराने दोन्ही डबे आठ दिवसांच्या बोलीवर दिले होते. सोमवारपर्यंत एक परत द्यायचा होता. कुठला, ते बाबांचा कान सांगणार होता.

बाबांच्या कानाबद्दल या घरात कुणाला काही विचारायची सोय नव्हती. स्पीकरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं ते शेवटच्या खोलीत बसले. तयार झालेला प्रत्येक स्पीकर त्यांच्यापुढे यायचा, आठ सेकंद वाजायचा, आणि त्यावर ते एक तर सही करायचे नाही तर खडूने फुली मारायचे. फुलीवर अपील नव्हतं. कारखान्यात त्यांना नाव घेऊन कुणी हाक मारत नसे. सगळे 'कान' म्हणायचे. "कान आज रजेवर आहेत," असं लोक सरळ चेहऱ्याने सांगत.

तीच पद्धत घरी आली. घरात नवीन काही आलं की ते आधी बाबांना ऐकवायचं. फ्रिज, पंखा, दाराची बिजागरी, वकिलाची जुनी गाडी. वस्तू चालू करायला आई तिच्याजवळ उभी राहायची, बाबा समोर खुर्चीत बसायचे आणि आठ सेकंदांनी निकाल द्यायचे. धुण्याचं यंत्र दोनदा परत गेलं ते असंच. ऐकताना ते डोळे मिटत नसत. डोळे मिटून ऐकणारी माणसं ढोंगी असतात, असं त्यांचं मत होतं.

पुलांचा इंजिनिअरही असाच आला होता.

एकोणीस वर्षांपूर्वीचा रविवार. ताई सव्वीस वर्षांची. इंजिनिअर तिला बघायला आला, याच खोलीत कोचाच्या टोकावर बसला, आणि आई त्याच्या शेजारी उभी राहून कपात चहा ओतत होती. तो खांबांबद्दल बोलला, नदीच्या तळाबद्दल बोलला, घाबरून जरा जास्तच बोलला. तो गेल्यावर बाबा म्हणाले, "आवाज पोकळ आहे. टिकणार नाही."

बस. फुली. ताईने त्याच संध्याकाळी त्याला फोन करून कळवून टाकलं. तिने वाद घातला नाही, कारण कानाशी वाद घालायची घरात पद्धतच नव्हती. पुढे तिने कानांचंच शिक्षण घेतलं, कानांच्या दवाखान्यात लागली आणि गादी लावलेल्या बंद खोलीत लोकांना बसवून त्यांना काय ऐकू येत नाही ते कागदावर उतरवू लागली. इंजिनिअरने पुढे पाच पूल बांधले. त्यातल्या एकावरून ताई रोज कामाला जायची. पूल अजून टिकून होता.

"पातळी जुळवली का?" वकिलाने विचारलं.

"जुळवते." ताईने दवाखान्यातून आवाज मोजायचं यंत्र आणलं होतं. दोन वस्तूंची तुलना करायची तर दोन्ही अगदी सारख्या मोठ्याने वाजल्या पाहिजेत. जी केसभर मोठ्याने वाजते ती माणसाला चांगली वाटते. माणसांच्या बाबतीतही असंच होतं, पण तिथे यंत्र नेता येत नाही. तिने चंदेरी डबा वाजवून आकडा घेतला, ॲम्प्लिफायरची खुंटी फिरवून काळा वाजवून आकडा घेतला, दोन्ही समान करून ठेवले. एका डब्याकडून दुसऱ्याकडे जायचं ते याच खुंटीने: 'एक'वर चंदेरी, 'दोन'वर काळा. खुंटी जड होती.

"थांब, मला सराव करू दे," वकील म्हणाला, आणि त्याने ती पाच-सहा वेळा कचाकच फिरवली. शेवटच्या वेळी जरा जास्तच हिसका दिला.

"तू कशाला सराव करतोयस? फिरवणार मी आहे."

"पंच म्हणून मला माहीत असलेलं बरं."

"तू पंच? तुझा डबा आहे त्यात!"

"म्हणून तर," वकील म्हणाला.

वकिलाची बायको शाळेत गणित शिकवायची. घरात तिला मास्तरीण म्हणत, आणि ती पेपर तपासत असली की कुणी तिच्या वाटेला जात नसे. ती जेवणाच्या टेबलाशी बसून नवव्या पेपरवर लाल रेघा मारत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, सहा कलमं लिहिलीत तुम्ही. बाबांना काय आवडतं ते विचारायचं कलम कुठंय?"

"ते सहावं."

"सहावं 'पंचांचा निर्णय अंतिम' आहे."

"मग सातवं घालू."

बाबा आत आले. शहात्तर वर्षं, ताठ मान, इस्त्रीचा शर्ट. कारखान्यात जायचे तसे. खुर्चीत बसले, चादरीकडे पाहिलं, चादरीवरच्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई आहे ना तिथे? मग ठीक. त्याच जागी उभी राहायची तुमची आई."

तीन वर्षांत ते आईबद्दल एवढंही बोलले नव्हते.

"पहिली फेरी," वकिलाने जाहीर केलं.

ताईने फोनवरून गाणं लावलं. एक बाई, एक पियानो, आणि मागे ब्रशने हलके घासलेली झांज. खोली भरून गेली. तीन वर्षांत पहिल्यांदाच या घरात एक गाणं मधे न थांबता शेवटपर्यंत जाणार होतं. ताईचे गुडघे दुखायचे थांबले. आईला हे आवडलं असतं, असं तिला वाटलं.

"वा," बाबा म्हणाले. "मोकळा आवाज आहे. खोलीची दारं-खिडक्या उघडल्यासारखा."

धाकट्याने कोचावर बसल्या बसल्या दोन्ही मुठी वळल्या. पहिला डबा कुठला, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. पण त्याला माहीत होतं.

"दुसरी फेरी."

ताईने खुंटी फिरवली. खुंटी फिरली, पण फार सहज फिरली. लोण्यातून फिरावी तशी. तिने परत फिरवून पाहिली. आत काहीच खट्ट झालं नाही. वकिलाच्या सरावाने खुंटीचा स्क्रू सैल झाला होता. खुंटी फिरत होती, आतला दांडा जागचा हलत नव्हता. तिने काळ्या डब्याकडे पाहिलं. ॲम्प्लिफायरने त्याच्याकडून गाणं घेतलं की त्याच्यावर हिरवा दिवा लागायचा. दिवा पिवळाच होता. काळा डबा ढाराढूर झोपला होता.

आणि गाणं मात्र सुरू झालं होतं. वाजत होता परत चंदेरीच. ताईच्या कपाळाला आठ्या पडल्या. हे आता सांगायचं कसं, वकील स्वतःवरच खटला भरेल, म्हणून ती ओठ चावत उभी राहिली.

बाबांनी मान हलवली. "छे. हा नाही. घसा बसल्यासारखा आहे. बाई गाते आहे की तक्रार करते आहे, कळत नाही. आणि झांज पार मेलेली."

"ऐकलंस?" धाकटा उठून उभा राहिला. "झांज मेली, दादा!"

"फेरी संपलेली नाही. खाली बस."

"अरे पण झांज मेली!"

ताई चादरीमागे निश्चल उभी होती. तोच डबा, तेच गाणं, आकडा अगदी तोच. झांज जिवंत होती, तिच्या कानांपासून हातभर अंतरावर खणखणीत जिवंत होती.

म्हातारपण, तिने स्वतःला सांगितलं. सूचनेचा परिणाम. दुसरा वेगळा असणार म्हटलं की माणसाला वेगळाच ऐकू येतो. मग तिने बाबांकडे पाहिलं. आणि तिला दिसलं की बाबा स्पीकरकडे बघत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

दवाखान्यात ती एक पांढरं कार्ड वापरायची. तपासणी करताना ते तोंडासमोर धरायचं, कारण ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं चेहरा वाचतात, आणि इतकी सफाईने वाचतात की आपण वाचतोय हे त्यांचं त्यांनाही माहीत नसतं. पंधरा वर्षांत तिने हजारो लोकांसमोर ते कार्ड धरलं होतं. बाबांसमोर कधी नाही. बाबांचा कान तपासायचा म्हणजे शिंप्याच्या कात्रीला धार आहे का विचारण्यासारखं झालं असतं. तिला ते सुचलंसुद्धा नव्हतं.

"मला ही फेरी मान्य नाही," वकील म्हणाला. "बाबा दमलेत. क्रम बदलून पुन्हा घ्या. पहिला कुठला, दुसरा कुठला, कुणालाही न सांगता."

"घ्या ना," बाबा म्हणाले. "कितीही घ्या."

ताईने खुंटीला हातही लावला नाही. तिने गाणं लावलं आणि चादरीवरून बाबांकडे बघत हसली. मनापासून हसू येईना म्हणून दवाखान्यात लहान मुलांसाठी ठेवलेलं हसू काढलं.

"आता पहा!" बाबा म्हणाले. "हाच तो पहिला. मोकळा!"

ताईने हळूहळू भुवया खाली आणल्या. ओठ मुडपले. नाकाला सुरकुती पाडली.

"थांब, थांब... इथे जरा बिघडलं. या ओळीला काहीतरी घरघर आहे."

तिने भुवया वर नेल्या.

"सुधारलं."

"बाबा काय ऐकतात!" धाकटा पुटपुटला. "एका ओळीतला फरक सांगतायत."

मास्तरणीने पेपरवरून मान वर केली. तिने बाबांकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं, मग बराच वेळ ताईकडेच पाहत राहिली. मग लाल पेनाचं टोपण लावलं. शाळेत पाठ करून आलेली मुलं तिने खूप पाहिली होती.

ताईच्या चेहऱ्यावर कुठल्या वेळी काय होतं, हे पुढे तिलाच आठवेना. गाणं संपलं तेव्हा तिचा चेहरा रिकामा होता, आणि बाबा जरा गोंधळून थांबले होते, वाचता वाचता पान संपावं तसे.

"निकाल?" वकिलाने विचारलं.

"पहिला," बाबा म्हणाले. "पहिल्या फेरीतला. कुठलाही असो."

"चंदेरी," ताई म्हणाली.

सव्वाचार वाजले होते. धाकट्याने टाळ्या वाजवल्या. पण हे आधीच सांगून झालं आहे, आणि झालेलं नाही असंही ठरलं आहे.

मग मास्तरीण म्हणाली, "बरं, मग आता भावजींकडे बाबांचा रोज फोन."

"कसला फोन?" धाकट्याने विचारलं.

"ज्याचा डबा, त्याच्या फोनवर त्याचं ॲप. ॲप अडकलं, पासवर्ड गेला, वायफाय गेलं, गाणं सापडेना, की बाबा कुणाला विचारणार? ज्याचा डबा त्यालाच ना."

खोलीत विचार पसरला. वकिलाचा चेहरा उजळत गेला. धाकट्याचा त्याच वेगाने उतरला.

"तसं पाहिलं तर," धाकटा म्हणाला, "काळ्याची वॉरंटी चांगली आहे."

"नाही नाही," वकील म्हणाला. "पंचांचा निर्णय अंतिम. कलम सहा."

"दादा, पण तू म्हणत होतास ना, थेट वायर भिंतीतून घेतली की कधी अडकत नाही..."

"मी चुकलो होतो. माणसाने चूक कबूल करावी."

"मी लिफ्टमधे असतो रे दिवसभर! तिथे रेंज नसते!"

"मग तिथून सुटलास की कर फोन."

तीन महिने ज्याच्यासाठी भांडले तो डबा आता दोघं एकमेकांच्या गळ्यात घालत होते. मास्तरणीने पेपर गोळा केले, काळा डबा नवऱ्याच्या हातात दिला आणि "चला, हा परत करून येऊ, दुकान उघडं असेल" म्हणत त्याला बाहेर काढलं. धाकट्याची दुचाकी बंद पडली होती, म्हणून तोही त्यांच्याबरोबर गेला. दारातून जाताना मास्तरीण ताईच्या कानाशी थांबली.

"ताई, बोला त्यांच्याशी. पण आज डोळ्यांत पाणी आणू नका. ते काय समजतील कोण जाणे."

दार लागलं. बाबा खुर्चीतच होते. ताईने स्वयंपाकघरातून छोटा स्क्रू ड्रायव्हर आणला आणि ॲम्प्लिफायरसमोर जमिनीवर बसली.

"काय झालं त्याला?"

ताई वळली. त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाली, "खुंटी सैल होती. काळा डबा वाजलाच नाही. तिन्ही वेळा एकच वाजत होता."

बाबांनी खुर्चीच्या हातावरची धूळ बोटाने पुसली. तिथे धूळ नव्हती.

"असं होय."

"कधीपासून?"

"काय?"

"बाबा."

त्यांनी धूळ पुसणारं बोट मागे घेतलं. मग म्हणाले, "कारखान्यातली शेवटची आठ वर्षं. बारीक आवाज आधी गेले. एक दिवस स्पीकर आला, वाजला, आणि मला वाटलं यात झांजच भरलेली नाही. फुली मारली. दुसरा आला, त्यातही नाही. सकाळी अकरा वाजेपर्यंत मी चौसष्ट फुल्या मारल्या. मग कळलं की झांज सगळ्यांत आहे."

"मग काय केलंत?"

"मीटर होता ना. काटा बघून सही करायचो. काटा कधी चुकत नाही. लोक म्हणायचे, कानाचा कान अजून कसा शाबूत आहे." ते हसले, पण ते हसू आत कुठेतरी अडकलं. "आणि घरी मीटर नव्हता. घरी तुझी आई होती."

ताईने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"तिचा चेहरा फार बोलका होता," बाबा म्हणाले. "फ्रिज चालू केला की डाव्या गालावर कळायचं. मी फक्त तेच मोठ्याने सांगायचो."

"तिला माहीत होतं?"

"नाही. तिला वाटायचं मला सगळं ऐकू येतं. मला ऐकू येतंय म्हटल्यावर ती निर्धास्त असायची. ते कसं काढून घेणार?"

खालच्या रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. ताईने ते ऐकलं. बाबांनी नाही. तिने आज पहिल्यांदाच ते पाहिलं, आणि मग तिला थांबवता येईना. मागचे किती तरी रविवार आपोआप मोजले जाऊ लागले. शेवटची आठ वर्षं. बाबा निवृत्त झाले त्याला सोळा झाली. म्हणजे चोवीस. एकोणीस वर्षं त्या चोविसांत बसत होती, पुष्कळ जागा ठेवून.

"इंजिनिअर आला होता तेव्हा?"

बाबांनी मान फिरवली. बहिऱ्या माणसाने मान फिरवली की त्याचं दार बंद. ताई उठली आणि त्यांच्या समोर जाऊन बसली.

"बाबा, त्याचा आवाज पोकळ होता?"

"मला काय माहीत," ते म्हणाले. "तो बोलत होता आणि तुझी आई त्याच्या शेजारी चहा ओतत होती. तिचा चेहरा असा झाला." त्यांनी गाल आत ओढला, एक डोळा बारीक केला. सत्तरीपलीकडच्या माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर आई येऊन गेली. "तो एक वाक्य बोलला की असा. दुसरं बोलला की परत असा. मी म्हटलं, हिला काहीतरी खोटं ऐकू येतंय. आवाज फसवा असणार."

"आणि?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी ती दंतवैद्याकडे गेली. दाढ किडली होती. तीन दिवस ठणकत होती म्हणे, पण पाहुणा यायचा म्हणून बोलली नाही. गरम चहाची वाफ लागली की कळ जायची."

ताईला वाटलं, आता आपल्याला हसू येईल. गोष्ट हसण्यासारखीच होती. दुसऱ्या कुणाच्या घरची असती तर तिने दवाखान्यात सगळ्यांना सांगितली असती: एका बाईचं लग्न मोडलं, कारण तिच्या आईची दाढ दुखत होती.

"म्हणजे तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं."

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तू आदल्या संध्याकाळीच त्याला कळवून बसली होतीस. मला वाटलं होतं, तू भांडशील. दोन दिवस तोंड फिरवशील, जेवायला येणार नाहीस. मी वाट बघत होतो. तू भांडलीच नाहीस." त्यांचा आवाज खाली गेला. "मग सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. फ्रिजपासून."

भांडायला तिला कुणी अडवलं नव्हतं. तिला त्याचा आवाज आवडला होता, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. स्वतःच्या दोन चांगल्या कानांनी जे ऐकलं, ते तिने बाबांच्या दोन बंद कानांसाठी सोडून दिलं होतं. आणि वर त्या घाईला समजूतदारपणा म्हणत आली होती.

"आईला तो कसा वाटला होता?"

बाबांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. ऐकू आलं नसेल, असं वाटून ती परत विचारणार होती.

"आवडला होता," ते म्हणाले. "नंतर कितीदा तरी विचारायची मला. अहो, तुम्हाला त्यात काय पोकळ ऐकू आलं हो? मला तर चांगला भरीव वाटला. मग स्वतःच म्हणायची, जाऊ दे, तुमच्यासारखा कान मला कुठून असणार."

चंदेरी डब्याच्या काचेवर त्या गाण्याचं चित्र अजून होतं. बराच वेळ कुणी हात लावला नाही म्हणून ती काच आपोआप विझली.

"भावांना सांगू नकोस," बाबा म्हणाले.

"नाही सांगत."

"आणि लाव ना परत. पूर्ण वाजतं म्हणालात, तर पूर्ण ऐकू."

ताईने खुंटी घट्ट केली, गाणं लावलं आणि त्यांच्या शेजारी कोचावर बसली. शेजारी, म्हणजे त्यांना तिचा चेहरा दिसणार नाही अशी. बाबा थोडा वेळ समोर स्पीकरकडे बघत बसले. तिथे त्यांना वाचायला काही नव्हतं. मग त्यांनी कंबर धरून खुर्ची हळूहळू तिच्याकडे वळवली.

"कसं वाजतंय?" त्यांनी विचारलं.

"छान वाजतंय, बाबा."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी ती त्यांना पुलावरून दवाखान्यात घेऊन गेली, गादी लावलेल्या खोलीत बसवलं आणि तोंडासमोर पांढरं कार्ड धरलं. ते चाळीस मिनिटं न कुरकुरता बसले. आलेख उतारावरून दगड घरंगळावा तसा खाली गेला. बाबांना रिक्षात बसवून ती परत आली आणि छापील अहवाल भरायला घेतला. नाव, वय, उजवा कान, डावा कान. शेवटी 'शिफारस व विनंती' असा रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा एकच ओळ लिहिली जाते. तिने ती लिहिली. पेन उचललं नाही. खाली लिहीत गेली.

"१. दोन्ही कानांना श्रवणयंत्र बसवावे.

२. सदर रुग्णाने एकोणीस वर्षांपूर्वी एका रविवारी दिलेला निकाल, एकमेव साक्षीदाराची दाढ दुखत असल्याकारणाने, ग्राह्य धरण्यात येऊ नये. संबंधित इसमास नव्याने चहाला पाचारण करून, दाढ काढल्यानंतर किमान तीन दिवसांनी, त्याचे बोलणे रुग्णाच्या पत्नीच्या उपस्थितीत पुन्हा ऐकण्यात यावे. त्या प्रसंगी अर्जदार स्वतः हजर राहील, निकाल विरुद्ध गेल्यास भांडेल, आणि संध्याकाळपर्यंत कुणालाही फोन करणार नाही. तरी वरील विनंतीस सक्षम अधिकाऱ्यांची मंजुरी मिळून तसे लेखी कळवण्यात यावे."